वुजूचं पाणी आणि परसातला दुधी

आम्ही राहात्याची माणसं पावसाकडे शेतकऱ्याच्याच नजरेनं बघतो, मग शेत असो की घरामागचे चार वाफे. जून २०२३ पासूनचं वर्ष आमच्या परसबागेनं कसं काढलं, ते सांगावंसं वाटतं.

पाऊस उशिरा आला. भेंडी, मिरची, दुधी लावायला जूनअखेर उजाडली. जुलैत टोमॅटो किलोला शंभरीपार गेला, तेव्हा आमची रोपं वीतभरही नव्हती. सालनात टोमॅटोऐवजी चिंच आली.

खरी कसोटी ऑगस्टची. १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट कधी झाला नव्हता. काळ्या जमिनीला भेगा पडल्या. मिरचीवर फुलकिडे आले, पानं आकसून बोकड्या दिसू लागला. आपल्या भागाची भिस्त गोदावरीच्या उजव्या कालव्यावर. आवर्तन कधी सुटेल, याचीच घरोघरी चर्चा. अशा वेळी पिण्याचं पाणी झाडांना घालायचं का?

अम्मींनी निकाल दिला. नळाचं पाणी पिण्या-रांधण्याला, वाफ्यांना वुजूचं. पाटाखाली घमेलं आलं. घरात आम्ही चौघं. पाच वेळच्या वुजूला प्रत्येकी दीड लिटर धरलं, तरी दिवसाचं तीस लिटर होतं. त्यात साबण नसतो, म्हणून ते थेट मुळाशी घालता येतं. डास होऊ नयेत म्हणून रोजचं रोज संपवायचं. शिवाय तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी. ऊन लागून ओल उडू नये म्हणून मातीवर उसाचं पाचट पसरलं.

तरीही तीस लिटरमध्ये सगळं जगणार नव्हतं. भेंडी सोडून दिली. दुधी आणि पुदिना राखला. एका वेलाच्या बुंध्याशी पाणी घातलं की घरभर पुरेल एवढी भाजी येते. शिवाय दुधी पैगंबर मुहम्मद (स.) यांना आवडायचा, हे हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलंय. सप्टेंबरच्या पावसानं वेल सावरला आणि दुधी लागले.

नोव्हेंबरच्या शेवटी नगर-नाशिक भागात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. आमच्या वेलाची चाळण झाली, टोमॅटोची रोपं आडवी पडली. तो वाफा उकरून मेथी पेरली. कोवळे कोंब चिमण्यांनी टिपले. उरलेली मेथी महिनाभरात खुडायला आली. माणसानं लावलेल्या झाडाचं पाखरानं खाल्लं, तरी तो सदका ठरतो, अशी हदीस आहे. त्यामुळे चिमण्यांवर कुणी दगड उचलला नाही.

१२ मार्च २०२४ ला रमजान सुरू झाला, तेव्हा ऊन तापू लागलं होतं. पारा पस्तिशीपुढे गेला की टोमॅटोची फुलं गळतात, तशी ती गळली. शेवग्याला मात्र उन्हाचं काही वाटलं नाही. त्याच्या शेंगा शेजारच्या काकूंकडेही गेल्या. त्याच्याच सावलीतला पुदिना रोज इफ्तारच्या चटणीला आला.

भाजी दरवर्षीपेक्षा कमी निघाली. पण परसातून ताटात काहीच आलं नाही, असा एकही महिना गेला नाही. पुढच्या पावसाळ्यासाठी दुधीचं बी राखेत घोळून ठेवलंय. घमेलं आता पाऊस असो-नसो, पाटाखालीच राहणार आहे.