चार रुपये पगाराचा बॉलर

जालन्याचं नाव क्रिकेटमध्ये काढलं की कुणीही विजय झोलचं नाव घेतो. 2011 साली त्याने एकोणीस वर्षांखालच्या कूचबिहार ट्रॉफीत नाबाद 451 रन केले, आणि 2014 च्या अंडर-19 वर्ल्ड कपमध्ये तो भारताचा कॅप्टन होता. आमच्या हॉस्टेलवर जालन्याची पोरं अजूनही कॉलर ताठ करून हे सांगतात. मीही सांगतो! पण झोल पडला बॅट्समन, आणि मी पडलो बॉलर. डावखुरा, फिरकी टाकणारा. म्हणून मला आठवण येते ती दुसऱ्याच एका डावखुऱ्याची, पळवणकर बाळू यांची.

बेसबॉलमध्ये बॉल फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. अमेरिकेत 1869 सालीच सिनसिनाटीची अख्खी टीम पगारी झाली होती. 1876 मध्ये तिथे नॅशनल लीग सुरू झाली, आणि बॉल फेकणं हा पोटापाण्याचा धंदा होऊ लागला. नेमकं 1876 च्या सुमारास धारवाडला बाळूंचा जन्म झाला. कुटुंब मूळचं कोकणातल्या पळवणचं, जात चांभार, वडील पुण्यात लष्करात नोकरीला. आपल्याकडच्या अगदी पहिल्या पगारी बॉलरांपैकी ते एक. फरक एवढाच की पगार बॉलिंगचा नव्हता. पगार होता मैदान झाडायचा आणि रोलर ओढायचा!

आधी पुण्यातल्या पारशी क्लबात तीन रुपये महिना. मग 1892 च्या सुमारास युरोपियनांच्या पूना जिमखान्यात चार रुपये. तिथे जे. जी. ग्रेग नावाचा गोरा बॅट्समन प्रॅक्टिससाठी बाळूंना बॉलिंग टाकायला लावायचा. असं सांगतात, की आउट केलं की ग्रेग दर वेळी आठ आणे द्यायचा. खरं असेल तर महिन्यात आठदा त्याला आउट केलं की पगार दुप्पट! आठवडेच्या आठवडे, तासन् तास बाळू बॉल टाकत राहिले. बॅट मात्र त्यांच्या हातात कुणी दिली नाही. बॅटिंग हे साहेबांचं काम.

फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरला आपण मॅग्नस इफेक्ट लिहितो. फिरणाऱ्या बॉलच्या एका बाजूला हवा जोरात वाहते, दुसऱ्या बाजूला हळू, आणि बॉल वळतो. पाच मार्कांचं उत्तर. पण बॉल टप्पा पडल्यावर कुठे वळेल हे पुस्तक सांगत नाही, ते जमीन सांगते. आणि ज्याने सकाळी स्वतः रोलर ओढलाय, कुठे माती बसली आणि कुठे भुसभुशीत राहिली हे ज्याच्या तळपायाला ठाऊक आहे, त्याच्याइतकी ती जमीन दुसऱ्या कुणाला कळणार? माझ्या मते बाळूंची लॅब ती होती.

त्यांची कीर्ती झाली तेव्हा पुण्याच्या हिंदू क्लबापुढे प्रश्न पडला. याला घ्यावं की नाही? युरोपियनांना हरवायचं तर हा पाहिजे. मग घेतलं. मैदानावर सगळे एकाच बॉलला हात लावायचे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवायचं पान वेगळं.

हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. आमच्या भागात दिवाळीत आणि उन्हाळ्यात टेनिस बॉलच्या टुर्नामेंट होतात. पहिलं बक्षीस रोख, नाहीतर बोकड. आजूबाजूच्या गावांच्या टीम मला बॉलिंगला बोलावतात, मॅचमागे दोनशे-तीनशे रुपये देतात. म्हणजे मीसुद्धा पगारीच! ओव्हर पूर्ण मिळतात, बॅटिंग अकरावी. एका गावात मॅच जिंकल्यावर सगळ्यांना कपबशीत चहा आला आणि मला प्लास्टिकच्या ग्लासात. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. तेव्हापासून मी मॅचवरून घरी आलो की आमचे अण्णा विकेट किती काढल्या ते विचारत नाहीत. ते विचारतात, "चहा कशात दिला रं?"

बाळू पुढे मुंबईला गेले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना 109 रनांनी हरवलं. बाळूंनी त्या मॅचमध्ये आठ विकेट काढल्या, दुसऱ्या डावात साहेब लोक 102 मध्ये गुंडाळले. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या टीमबरोबर ते इंग्लंडला गेले. टीम सपाटून मार खात होती, आणि बाळूंनी त्या दौऱ्यात शंभरावर विकेट घेतल्या! वय तेव्हा पस्तिशीचं. फर्स्ट क्लासच्या 33 मॅचमध्ये त्यांच्या 179 विकेट आहेत, सरासरी 15.21. भारत पहिली टेस्ट खेळला 1932 मध्ये. तोवर त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

एवढं करून कॅप्टन? कधीच नाही. टीममधला सगळ्यात मोठा बॉलर, पण जात आडवी. 1920 साली त्यांना टीममधून वगळलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे भाऊ 'आम्हीही खेळत नाही' म्हणून बाहेर पडले. गवगवा झाला. मग बाळूंना परत घेऊन व्हाइस कॅप्टन केलं, आणि कॅप्टन पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, बाळूंना टीम सांभाळता यावी म्हणून. त्यांच्या वाट्याला आलेली कप्तानी ती एवढीच. 1923 मध्ये मात्र विठ्ठल कॅप्टन झाले आणि हिंदू जिंकले.

बाळूंना देव करून ठेवायचं मला काही कारण दिसत नाही. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 च्या निवडणुकीत ते मुंबईत थेट डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, त्यामुळे अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मतं कुणाला द्यायची ते लोकांनी ठरवलं. पण बॉल तर त्यानंच टाकला ना?"

मला हे पटलं. काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, हा प्रकार 1920 मध्ये संपला असं थोडंच आहे? आपल्या प्रोजेक्ट ग्रुपमध्येच बघा. रात्र रात्र जागून सर्किट जोडणारा एक असतो, आणि प्रेझेंटेशनला पुढे उभा राहणारा 'लीडर' दुसराच. का, तर त्याचं इंग्लिश फाडफाड आहे, घर शहरात आहे, आडनाव बरं आहे. जोडणाऱ्याला म्हणायचं, तू टेक्निकल बघ. म्हणजे तू बॉल टाक!

जुलै 1955 मध्ये बाळू गेले. त्यांची विकेटची यादी पाठ करा असं मी म्हणणार नाही, सबमिशनच्या दिवसांत तेवढा वेळ कुणाकडे आहे? एवढंच करू या. पुढच्या वेळी प्रोजेक्टची नावं लिहिताना आधी विचारू या की सोल्डरिंग कुणी केलं. आणि आपल्या ग्राउंडवर भल्या पहाटे पाणी मारून रोलर ओढणारे मामा आहेत ना, गॅदरिंगच्या मॅचला त्यांना एकदा बॅट देऊन बघू या. बॉलिंग मी टाकतो. आणि चहा सगळ्यांना एकाच ट्रेमधून येऊ दे.