दोनदा रिकामं झालेलं गाव

प्राग झालं, चेस्की क्रुमलोव्ह झालं. कॅमेऱ्याचं कार्ड भरत आलेलं, पर्स रिकामी होत आलेली आणि ट्रिपचे फक्त दोन दिवस उरलेले. तेवढ्यात हॉस्टेलच्या भिंतीवरच्या नकाशात एक नाव दिसलं. होलाशोव्हित्से! युनेस्कोच्या यादीतलं एक खेडं. वस्ती किती, तर जेमतेम दीडशेच्या आत. आपल्याकडे एका सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात. म्हटलं, चला, बघूनच येऊ.

चेक रिपब्लिकच्या दक्षिण बोहेमियात, चेस्के बुद्येयोव्हित्से या शहराच्या पश्चिमेला साधारण १५ किलोमीटरवर हे गाव आहे. बीअरप्रेमींनो, या शहराचं जर्मन नाव बुडवाइस. 'बुडवायजर' हा शब्द तिथूनच आला. शहर सुटलं की सपाट शेतं आणि मधूनमधून तळी लागतात. दक्षिणेला ब्लान्स्की लेसच्या जंगलाने झाकलेल्या टेकड्या आणि त्यांत हजार मीटरच्या वर डोकं काढलेला क्लेत डोंगर.

बसमधून उतरले आणि पहिल्यांदा वाटलं, सिनेमाचा सेट लागलाय की काय! मधोमध लांबलचक हिरवं मैदान, त्यात एक तळं, सेंट जॉन नेपोमुकचं १७५५ चं इवलंसं चॅपल आणि मैदानाभोवती गोलाईदार माथ्याची घरं. पिस्ता, पीच, लिंबू... रंग सगळे आइस्क्रीमचे. दोन इमारतींच्या मध्ये कमानीचा दिंडी दरवाजा, आत अंगण, मागे धान्याचं कोठार. अशी २३ शेतघरं इथे आहेत. मी वेड्यासारखे फोटो काढत सुटले.

या शैलीला म्हणतात 'फोक बरोक'. हिची गंमत अशी, की बरोक ही खरी राजेरजवाड्यांची आणि चर्चची शैली. १८४८ मध्ये इथली वेठबिगार संपली, शेतकरी स्वतःच्या जमिनीचा मालक झाला. हातात पैसा आला आणि गावच्या गवंड्यांनी शहरात पाहिलेली नक्षी शेतकऱ्याच्या दारावर आणली. तोवर शहरांत ती फॅशन कधीच जुनी झाली होती. पण इथे त्याची फिकीर कोणाला? मालक झाल्याचा आनंद अजूनही त्या भिंतींवर दिसतो.

मग गावाच्या उत्तरेला एक स्तंभ दिसला आणि माझा फोटोंचा मूड उतरला. प्लेगने गेलेल्यांना जिथे पुरलं, त्या जागेवरचा हा स्तंभ. गावाचा पहिला उल्लेख १२६३ चा. १२९२ मध्ये राजा दुसरा व्हाक्लाव्ह याने ते व्हिशी ब्रोदच्या सिस्टर्शियन मठाला देऊन टाकलं. १५२० ते १५२५ या काळात प्लेग आला. सगळ्या गावात दोनच माणसं उरली, असं सांगतात. मठाने बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून माणसं आणून गाव पुन्हा वसवलं. हळूहळू गाव जर्मन बोलू लागलं. १८९५ मध्ये इथे १५७ जर्मन होते आणि फक्त १९ चेक.

म्हणजे मी ज्या घरांवर फिदा झाले होते, ती बहुतेक या जर्मन शेतकऱ्यांची. ते आता कुठे आहेत? १९३९ ते १९४५ ही नाझी राजवटीची वर्षं चेक लोकांनी सोसली. युद्ध संपल्यावर त्याचा राग सगळ्या जर्मनभाषकांवर निघाला. चेकोस्लोव्हाकियातून सुमारे ३० लाख माणसांना देश सोडावा लागला. शतकानुशतकं इथेच राहिलेली कुटुंबं! होलाशोव्हित्सेतले जर्मनही गेले. कम्युनिस्ट राजवटीत बरीच घरं ओसाडच राहिली. दुरुस्ती सुरू झाली ती १९९० नंतर आणि १९९८ मध्ये युनेस्कोचा शिक्का बसला.

तळ्याकाठी बसून मी डोक्यात हिशेब मांडत होते. गाव इतकं सुंदर राहिलं, कारण नवं बांधायला इथे कोणी उरलंच नव्हतं. माणसं असती तर त्यांनी खिडक्या रुंद केल्या असत्या, गॅरेजं काढली असती, एखादा मजला चढवला असता.

इथे मला आमचा वाडा आठवला. दोन वर्षांपूर्वी तो बिल्डरला दिला, तेव्हा मी बाबांशी कडाक्याचं भांडले होते. "तुम्हाला हेरिटेज कळतच नाही," असं ऐकवून वर त्यावर एक लेखही पाडला होता. त्यानंतर घरात हा विषय बंदच.

परतताना एका दरवाजातून आतलं अंगण दिसलं. दोरीवर वाळत घातलेले टॉवेल, पिस्ता रंगाच्या भिंतीला टेकवलेली लहान मुलाची सायकल. दिवसभरातला माझा सगळ्यात आवडता फोटो तोच.

बुद्येयोव्हित्सेच्या स्टेशनवरून बाबांना फोन लावला. वाड्याचा विषय मीच काढला. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आईला गुडघ्यांमुळे तो जिना चढवत नव्हता गं." दोन वर्षांत हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

जायचंय?
प्रागहून चेस्के बुद्येयोव्हित्सेला ट्रेनने साधारण दोन तास. पुढे बस आहे, पण फेऱ्या कमी, त्यामुळे परतीची वेळ आधीच बघून ठेवा. व्हिसा शेंगेनचा चालतो. चलन मात्र युरो नाही, कोरुना. गावात लोक राहतात, तेव्हा अंगणात शिरण्याआधी विचारा. आणि अर्धा दिवस तरी हाताशी ठेवाच. फोटो तासाभरात होतात, गाव नाही होत.