अपूर्ण, जुनी वही पाहावी

परवा भाच्याने विचारलं, "मामा, तू नक्की काय काम करतोस रे?" या प्रश्नाला गेली वीस वर्षं मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच उत्तर देत आलोय. नातेवाईकांचं त्यावर भागतं, कारण त्यांचा पुढचा प्रश्न "मग आमचा प्रिंटर का चालत नाही ते बघ" हाच असतो. पण हा पठ्ठ्या यंदा बारावीत आहे आणि त्याचं तेवढ्यावर भागेना. म्हणून त्याला एक गोष्ट सांगितली. ती सांगताना नानांची खूप आठवण झाली, म्हणून इथेही लिहून ठेवतोय. (आत्या, मावशी, मधला तांत्रिक भाग कंटाळवाणा वाटला तर सोडून द्या. पण शेवटचं वाचा.)

तर माझं काम साठवणुकीचं. माहिती एका मशीनवर मावेनाशी झाली की तिचे तुकडे करून वीस, पन्नास, शंभर मशीनवर ठेवतात. एखादं मशीन कधीतरी मरणारच, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या ठिकाणी. इथपर्यंत सोपं आहे. पण कुठला तुकडा कुठे आहे, हे कोणीतरी लिहून ठेवायला लागतं. त्या लिहिण्याला मेटाडेटा म्हणतात. मूळ माहिती डोंगराएवढी, मेटाडेटा मूठभर. पण ती मूठ हरवली की डोंगर जागच्या जागी असून उपयोग शून्य.

हडूप नावाची एक प्रणाली आहे. तिच्यात हे काम नेमनोड नावाचं मशीन करतं. ते दोन गोष्टी ठेवतं. एक म्हणजे सगळ्या फायलींचं एका क्षणाचं चित्र आणि दुसरी म्हणजे त्यानंतर झालेल्या प्रत्येक बदलाची ओळीने नोंद. बंद पडून पुन्हा सुरू झालं की चित्र उघडायचं, त्यावर नोंदी एकेक करून चढवायच्या, की आजची स्थिती तयार. (त्याच्या जोडीला पूर्वी एक 'सेकंडरी नेमनोड' असायचा. नावावरून लोकांना वाटायचं, हा बदली खेळाडू. प्रत्यक्षात तो फक्त चित्र आणि नोंदी एकत्र करून द्यायचा. या नावाने किती जणांची झोप उडवली असेल देव जाणे.)

हे मी एकदा नानांना सांगत होतो. नाना तलाठी होते, सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात गेली. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे सातबारा आणि फेरफार." मी गप्प. खरंच की! जमीन विकली, वाटणी झाली, वारस लागले, की आधी फेरफाराच्या वहीत नोंद पडते. नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस देतात, मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळात तोवर सातबाऱ्यावर तो बदल पेन्सिलीने असायचा. प्रमाणित झाल्यावरच शाई. आमच्या क्षेत्रात यावर लोक पीएचडी करतात आणि हे गावच्या चावडीत रोज चालू होतं.

आता माझी चूक.

२०१२ साली मी ज्या कंपनीत होतो, तिथल्या साठवण-प्रणालीत प्रत्येक मशीनवर एक छोटी फाइल असे. फार तर दोन-तीनशे अक्षरांची. सध्या कोण कोण सभासद आहेत, कुठला भाग कोणाच्या ताब्यात आहे आणि ही कितवी आवृत्ती आहे, एवढंच तिच्यात. ती फाइल लिहिणारा कोड माझा. पद्धत पुस्तकातली होती. जुन्या फाइलला हात लावायचा नाही. शेजारी दुसऱ्या नावाने नवी फाइल लिहायची आणि पूर्ण झाली की तिचं नाव बदलून जुनीच्या जागी ठेवायची. हे नाव बदलणं एका फटक्यात होतं, त्यामुळे वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी दिसते नाहीतर पूर्ण नवी. अर्धवट कधीच नाही. मला हे फार सुंदर वाटायचं.

पण हे खरं आहे ते वीज असेपर्यंतच. आपण फाइलमध्ये लिहितो तेव्हा ते लगेच डिस्कवर जात नाही. ऑपरेटिंग सिस्टिम ते मेमरीत धरून ठेवते आणि सवडीने, कधी अर्ध्या मिनिटानेही, खाली उतरवते. शिवाय कुठली गोष्ट आधी उतरवायची हे ती तिच्या सोयीने ठरवते. त्यामुळे असं होऊ शकतं की नाव बदलल्याची नोंद डिस्कवर पोचली, पण फाइलच्या पोटातला मजकूर अजून मेमरीतच आहे. त्या क्षणी वीज गेली तर उठल्यावर नाव नवं, जागा बरोबर आणि आत काही नाही. आकार शून्य. हे टाळायला 'एफसिंक' नावाची आज्ञा आहे: हे आत्ताच्या आत्ता डिस्कवर उतरव आणि उतरल्याशिवाय मला उत्तर देऊ नकोस. नाव बदलण्याआधी ती नव्या फाइलवर चालवायची आणि नाव बदलल्यावर त्या फोल्डरवरही. मी दोन्ही ठिकाणी चालवली नव्हती. विसरलो असं म्हणायला आवडेल, पण मला ती माहीत होती. जुन्या फिरत्या डिस्कवर एका एफसिंकला दहा मिलिसेकंद तरी जायचे, चाचण्यांचे आकडे वाईट दिसायचे, आणि मनात म्हणालो, तीन-तीन प्रती आहेत की! तिन्ही एकदम कशाला जातील?

गेल्या. तीन नाही, सगळ्याच.

एका ग्राहकाकडे वीज गेली, जनरेटर वेळेवर सुरू झाला नाही आणि यूपीएस धापा टाकायला लागले. आधी एक रॅक बंद पडला. उरलेल्या मशीननी शहाण्यासारखं ते ओळखलं, सभासदांची नवी यादी केली आणि प्रत्येकाने आपापल्या डिस्कवर नवी फाइल लिहिली. माझ्या कोडने. पुढच्या काही सेकंदांत तीही बंद पडली. म्हणजे बघा, संकट आलं म्हणूनच सगळ्यांनी एकाच वेळी ती फाइल बदलली आणि त्याच संकटाने सगळ्यांना एकाच अवस्थेत पकडलं. वीज आल्यावर प्रत्येक मशीनवर तीच फाइल, आकार शून्य. पहिल्या बंद पडलेल्या रॅकवर फाइल शाबूत होती, पण ती आदल्या आवृत्तीची, आणि त्या रॅकच्या अनुपस्थितीत काय बदललं हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं.

त्या साठ्यात रुग्णांचे स्कॅन होते.

सुदैवाने आमच्यातल्या एका सहकाऱ्याने (मी नव्हे) फार पूर्वी हट्टाने प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर त्याचा क्रमांक, आवृत्ती आणि चेकसम लिहायला लावला होता. तेव्हा मी त्याला जागेची उधळपट्टी म्हणालो होतो. त्याच्या जोरावर एकेक डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून नकाशा पुन्हा बांधला. चार दिवस लागले. तिसऱ्या रात्री ग्राहकाकडचा सिस्टिम सांभाळणारा मुलगा फोनवर म्हणाला, "साहेब, आहे ना सगळं? फक्त सापडत नाहीये ना?" त्याला हो म्हणताना मला खात्री नव्हती. सगळं मिळालं. पण ते "हो" मी अजून विसरलेलो नाही.

पुढच्या रविवारी घरी गेलो तेव्हा नानांना हे सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "पण नवी वही तपासायच्या आधी जुनी टाकून कशाला दिली?"

नंतर जरा अभ्यास केला तेव्हा कळलं की मी एकटा नाही. २००९ मध्ये लिनक्सवर एक्स्ट-४ ही फाइल सिस्टिम नवी असताना लोकांच्या सेटिंगच्या फायली अशाच शून्य आकाराच्या होऊ लागल्या आणि तो कोणाचा दोष यावर मोठं भांडण झालं. शेवटी अशा नाव-बदलाआधी मजकूर उतरवायची सोय तिच्यात घातली गेली. आमची फाइल सिस्टिम एक्सएफएस होती, तिच्यात ती मेहेरबानी नव्हती. २०१४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या लोकांनी अकरा नामांकित सॉफ्टवेअर अशाच कसोटीवर लावली, तर एकूण ६० कच्चे दुवे निघाले. त्यात गिट होतं, हडूपची फाइल सिस्टिम होती, झूकीपरही. आणि २०१८ मध्ये तर पोस्टग्रेसच्या मंडळींच्या लक्षात आलं की एफसिंक स्वतःच अपयशी ठरला आणि आपण पुन्हा विचारलं, तर लिनक्स दुसऱ्या वेळी "झालं" असं सांगू शकतं, न होताच! त्यानंतर त्यांनी ठरवलं, एफसिंक फसला की पुन्हा विचारायचं नाही, सरळ थांबायचं आणि नोंदवहीवरून नव्याने उभं राहायचं.

भाच्याला सगळ्यात आवडली ती मतदानाची गोष्ट. राफ्ट नावाची पद्धत आहे, तिच्यात मशीन मत देऊन आपला नेता निवडतात. एका फेरीत एकाने एकच मत द्यायचं, आणि कोणाला दिलं ते डिस्कवर पक्कं लिहूनच मग सांगायचं. समजा एकाने मत सांगितलं, वीज गेली, उठला आणि दिलेलं विसरला, तर तो दुसऱ्याला पुन्हा मत देईल. मग एकाच फेरीत दोन नेते, आणि दोघेही खरे. "मग बोटाला शाई लावायची," भाचा म्हणाला. बरोबर, तीच शाई.

नाना २०१६ च्या जानेवारीत गेले. झोपेतच. ९ तारीख होती.

नानांची एक डायरी असे. त्यात ठेवींच्या पावत्यांचे नंबर, विम्याच्या पॉलिसी, लॉकर, गावाकडच्या गटांचे नंबर, कोणाला किती उसने दिले, असं सगळं. दर जानेवारीत ते ती नव्या डायरीत सुवाच्य अक्षरात उतरवून काढत. आम्ही त्यांची थट्टा करायचो. दिवस झाल्यावर बँकेची कामं निघाली तेव्हा मी आईला विचारलं. ती म्हणाली, "सगळं आहे रे. कुठे आहे ते त्यांनाच माहीत." आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण तारीख जानेवारीची होती.

कपाटात नवी डायरी मिळाली. सात पानं भरलेली. आठव्या पानावर एका पॉलिसीचा नंबर अर्ध्यावर थांबलेला. पहिल्या पानावर, कोपऱ्यात, पेन्सिलीने: "अपूर्ण. जुनी वही पाहावी."

जुनी खालच्याच कप्प्यात होती, रबरबँड लावलेली. आईने सांगितलं तेव्हा कळलं, की उतरवून झालं की नाना तिला जुनी डायरी मोठ्याने वाचायला लावत आणि स्वतः नवीवर बोट ठेवून ताडून पाहत. सगळं जुळलं की पेन्सिलीची ओळ खोडत, शाईने तारीख घालत, आणि मगच जुनी रद्दीत.

आम्हाला एका दुपारात सगळं सापडलं.

हल्ली आमच्या टीममध्ये नवं कोणी आलं आणि म्हणालं की इथे दोन-दोन एफसिंक कशाला, वेग कमी होतो, तर मी वाद घालत नाही. लॅबमधल्या एका रॅकच्या पॉवर स्विचकडे बोट दाखवतो आणि लिहिणं चालू असताना तो शंभर वेळा बंद करायला सांगतो. बहुतेक जण विसाव्याच्या आत परत येतात.

डायरी आता आई लिहिते. जानेवारीत फोन करून मला जुनीतून वाचायला बसवते, व्हिडिओवर. "सावकाश वाच," म्हणते, "बोट सुटतं माझं."