अर्जात तू कुठे आहेस?

शिरूर कासार,
12 डिसेंबर 2024

चि. अश्विनीस,


सोनीपतच्या अशोका विद्यापीठाच्या अर्जासाठी लिहिलेला तुझा निबंध मिळाला. भाषा चांगली आहे. तरी हा निबंध तू पाठवू नयेस, असं मला वाटतं.

त्यात ऊसतोडीच्या हंगामातली थंडी आहे, पाचटाची कोपी आहे, ताईच्या हाताला पडलेले घट्टे आहेत. सगळं खरं आहे. पण वाचणाऱ्याला ताई-दाजींची कीव येईल, तुझी ओळख होणार नाही. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गेल्या. तेव्हापासून बीड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. त्या चित्रातला आणखी एक चेहरा तू होऊ नकोस.

यात तुझा दोष नाही. शाळेत आपण पोरांकडून फाटक्या पुस्तकाचं मनोगत लिहून घेतो, शेतकऱ्याचं आत्मवृत्त लिहून घेतो. तुझं स्वतःचं सांग, असं कोणी म्हणत नाही. पुढचे प्रवेशही मार्कांवर, नाहीतर सीईटीवर. मग आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांच्याबद्दल विचारलं की पोरं घरचं दुःख पुढे करतात. तेवढंच आपल्याजवळ सांगण्यासारखं आहे, असं त्यांना वाटतं.

तुझ्याजवळ मात्र सांगण्यासारखं आणखी आहे, ती हिशोबाची वही. ताई-दाजी कारखान्याला गेले की तू आजीजवळ राहायचीस आणि फोनवर विचारून विचारून त्यांचा हिशोब लिहायचीस. उचल किती घेतली, ऊस किती टन तोडला, खाडे किती झाले, वाढे विकून काय आलं. हंगाम संपल्यावर मुकादमाने काढलेली बाकी तुझ्या वहीशी जुळेना, तेव्हा ताईने ती वहीच त्याच्यापुढे ठेवली. त्याला हिशोब पुन्हा करावा लागला. नववीतली पोर होतीस तू! त्याच वर्षी सुट्टीत तू मला विचारलं होतंस, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मग आईची मजुरी वेगळी का मोजत नाहीत? आणि एवढं तोडूनही उचल फिटत का नाही? तुला अर्थशास्त्र शिकायचंय ते या प्रश्नांपायी, हे मला ठाऊक आहे. निबंधात मात्र ना वही आहे, ना हे प्रश्न.

स्वतःबद्दल कसं लिहावं, याचा एक दाखला देतो. आनंदीबाई जोशींनी 1883 च्या सप्टेंबरमध्ये पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. वय अठरा वर्षं. तुमच्या सगळ्या अटी मी कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिलं. स्नेही आणि जातीतले लोक या सगळ्यांचा विरोध पत्करून इथवर आणणारा निर्धारच पुढेही कामी येईल, असंही सांगितलं. आणि कारण दिलं ते अगदी नेमकं. आमच्याकडच्या बायका मरण पत्करतील, पण पुरुष डॉक्टरकडून उपचार घेणार नाहीत. त्यांच्यासाठी मला हे शिकायचं आहे. मदत मागणारं पत्र आहे ते, पण त्यात लाचारी नाही. मार्च 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. निबंध लिहायला बसण्याआधी ते पत्र मिळवून वाच.

अर्जाच्या इतर बाबींत अडलीस तर बुलढाण्याच्या राजू केंद्रेंनी उभी केलेली एकलव्य ही संस्था आहे. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांना ती मार्गदर्शन करते. विचारायला संकोच करू नकोस. मात्र निबंध कोणाकडूनही लिहून घेऊ नकोस, मोबाईलकडूनही नाही. आधी मराठीत लिही, आपण घरी बोलतो तसा. इंग्रजी नंतर करता येईल, आणि ते थोडं ओबडधोबड राहिलं तरी चालेल.

नवा निबंध झाला की रविवारी ताईला फोनवर वाचून दाखव. तिचे कष्ट परक्या माणसांपुढे जाणार आहेत, तेव्हा तिची परवानगी हवी. एखादं वाक्य तिला नको वाटलं, तर ते कितीही चांगलं असलं तरी काढून टाक. मगच पाठव.

तुझा,
मामा