मागच्या ओळीतील स्वर

गिरगावातल्या वरातीत क्लॅरिनेटवाला पुढे नाचे आणि नोटांची दौलतजादाही त्याच्यावरच होई. परंतु माझे बालमन गुंतले ते सर्वांत मागे, पोटाशी भलेथोरले पितळी वाद्य धरून धापा टाकीत चालणाऱ्या, कुणी ढुंकूनही न पाहिलेल्या त्या इसमात. पुढे मुंबईतील जॅझविषयी कुतूहल जडले, तेव्हाही हेच आढळले. चिक चॉकलेट काय किंवा मडगावचे ख्रिस पेरी काय, कीर्ती पसरली ती ट्रम्पेट नि सॅक्सोफोनवाल्यांची, खर्ज सांभाळणाऱ्यांची नोंद कोणत्या दप्तरात शोधावी?

बंदराच्या हिशेबखात्यात नेमणूक होऊन दुबईस आलो आणि करामा वस्तीतील एका वृद्ध गोमंतकीय मेस्त्रांकडे, म्हणजे संगीतशिक्षकांकडे, जाणे-येणे सुरू झाले. चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, घोकून वाढलेले हे गृहस्थ दिवसा महाविद्यालयात पाश्चात्त्य संगीत शिकवीत आणि रात्री हॉटेलातील वाद्यवृंदात ट्रॉम्बोन, म्हणजे खर्जाकडे झुकणारे तसलेच पितळी वाद्य, वाजवीत. पेरींनीही उत्तरायुष्यात दुबईत संगीताचे वर्ग चालविले होते, हे ते मोठ्या अभिमानाने सांगत.

ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीची स्थाने सात; पण पेटीसारख्या पट्ट्या नाहीत, सतारीसारखे पडदे नाहीत, एक खूणसुद्धा नाही, त्यामुळे स्वर कानानेच गाठावा लागतो आणि मींड मात्र आपल्या गवयाला हेवा वाटावा इतकी सहज निघते. अमेरिकेच्या जॅक टीगार्डन यांनी हे वाद्य बालपणीच हाती घेतले, तेव्हा दूरच्या स्थानांपर्यंत त्यांचा हात पोहोचेना, म्हणून ते स्वर त्यांनी जवळच्याच स्थानांवरून, ओठांच्या कसबाने काढले. ही हकीकत ऐकविल्याखेरीज मेस्त्रांचा पहिला पाठ संपत नसे. शिकवणीपूर्वी ते आतली नळी फडक्याने पुशीत, तिच्यावर पाण्याचा बारीक फवारा मारीत, कारण वाळूचा एखादा कण आत शिरला तरी नळी अडखळे, आणि या मुलखात वाळूला कोण मज्जाव करणार! कुणी पोरगा नळीवर पेन्सिलीने रेघ ओढू लागला, की हसून म्हणत, "हात नाही बाबा, कान पुढे ने."

नोकरीच्या करारासोबत वास्तव्याच्या परवान्याचीही मुदत सरली, तसे ते गोव्यास परतले. त्यांचा एक मल्याळी शिष्य हल्ली अबूधाबीत शिकवितो. नळीवर रेघ दिसली की तो विद्यार्थ्यावर खेकसतो. गुरूची विद्या त्याने उचलली, हसू तेवढे राहून गेले.