पोटाचा प्रश्न

शल्यवैद्यांनी कागदावर जठराचे चित्र काढले आणि त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पेन्सिलीने खोडून टाकला. माझा हात नकळत पोटावर गेला. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे वजन-उंचीवरून काढलेला देहभारांक २७.५ झाला, की आम्हा आशियाई लोकांना ही शस्त्रक्रिया सुचविता येते. माझा ३८, शिवाय मधुमेह! इतक्या सहज मी कोणत्याच परीक्षेत उतरलो नव्हतो. परंतु कापलेले जठर परत मिळत नाही, आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर सुटत नाहीत. पहाटे फिरण्याचा नेम तीन दिवसांत मोडणारा मी हा नेम पाळीन काय? घरी येऊन सौभाग्यवतीपुढे हा पेच मांडला. ती म्हणाली, "भीती सुरीची वाटते, की श्रीखंड सुटण्याची?" येत्या मंगळवारी शल्यवैद्यांना उत्तर द्यावयाचे आहे, तिला मात्र अद्याप देता आलेले नाही.