पडदाभर डॉलर

गेल्या शाबानमध्ये भाच्याने अकोल्याच्या भंगारातून एक बीबीसी मायक्रो आमच्या वाशिमच्या दुकानात आणला. १९८४ च्या ‘क्लास’ प्रकल्पात केंद्र सरकारने शाळांना दिला, तोच संगणक. चालू केला तर ‘बीबीसी’च्या जागी ‘एफएफजी’ आणि मोकळ्या जागी सगळीकडे डॉलरची चिन्हं. “मामू, बरकत आली!” पोरगा हसला. मग म्हणाला, “मेमरीच्या सगळ्या चिप बदलू.”

१६ चिप मिळून ३२ केबी. जुन्या चिप शोधायच्या म्हणजे खर्च, शिवाय काढताना बोर्डाचा ट्रॅक उखडायची भीती. असं घाऊक बदलणं मला पटतच नाही. त्याला वही दिली. संगणकाच्या लेखी बी म्हणजे ६६, एफ ७०. सी ६७, जी ७१. मोकळी जागा ३२, डॉलर ३६.

“फरक?”

“चार, मामू. सगळीकडे चारच.”

अक्षराचे आठ बिट, प्रत्येकाला एक चिप. अशा आठ-आठच्या दोन तुकड्या. संगणक सुरू होतोय, म्हणजे पहिली तुकडी शाबूत. पडद्यावरची अक्षरं दुसरीत राहतात. तिच्यातली चारच्या बिटाची चिप अडकलेली.

तिचे पाय कापून एकेक काढले, सॉकेट बसवला, त्यात दुसरी चिप घातली. मगरिबच्या आधी पडद्यावर ‘बीबीसी’ आलं. डॉलर गेल्याचं भाच्याला थोडं वाईटच वाटलं.